आईच्या नावावरचं दूध

बेलापूर, ता. श्रीरामपूर
शनिवार, २० नोव्हेंबर १९९९

प्रिय महेंद्र,

सप्रेम जयभीम. 'तू खुशाल असशील' असं लिहायची पद्धत आहे, पण तू खुशाल आहेस हे मला काल दुपारीच कळलं, म्हणून ते वाक्य वाचवते. काल शुक्रवार होता. जेवणाच्या सुट्टीनंतर दूध संघाच्या ऑफिसात मी एकटीच होते. टेबलाखालचा मोडेम आपोआप कुरकुरायला लागला आणि थोड्या वेळाने सर्व्हरच्या पोटातून सीडीचा ट्रे हळूच बाहेर आला. तुझी ती जीभ. दर वेळी मी ती बोटाने आत ढकलते आणि मनात म्हणते, जा, पळ. काल ढकलली नाही. तुला पुण्यात बसून ते कळतं की नाही मला ठाऊक नाही. कळत असेल तर ताई रुसली की काय असं तुला वाटलं असेल. रुसले नव्हते. का ढकलली नाही तेच सांगायला बसलेय, पण एकदम सांगवत नाही, तेव्हा माझ्या चालीने वाच. तुझी सवय मला माहीत आहे, तू पुस्तकाचंसुद्धा शेवटचं पान आधी वाचतोस. या पत्राचं वाचू नको.

फैयाज उद्या पहाटे टेलिफोनचं सामान आणायला पुण्याला चाललाय, त्याच्याच हाती हे देते. तो तुला गाठल्याशिवाय परत यायचा नाही, एवढा त्याच्यावर माझा भरवसा आहे. त्याला एक वेळ जेवू घाल. शाळेत त्याच्या डब्यातले शिरखुर्म्यानंतर उरलेले खजूर तू किती खाल्लेस त्याचा हिशेब अजून त्याच्याकडेच आहे.

गेल्या वर्षीचा उन्हाळा मला फार आठवतो. तुझ्या त्या वेळच्या कंपनीला आपल्या संघाचं काम मिळालं आणि त्यांनी नेमकं तुलाच पाठवलं. दुधाचा काटा, फॅटचं मशीन आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, म्हणजे बाईने कॅन ओतला की वजन आणि फॅट सरळ तिच्या नावावर जाऊन बसेल. गावात आलास, पण घरी उतरला नाहीस, माझ्याकडे राहिलास. आई रोज संध्याकाळी डबा घेऊन माझ्याकडे यायची. 'जयमालाकडं जाऊन येते' एवढंच बाबांना सांगायची. बाबा ओट्यावर बसलेले असायचे. 'डबा मोठा दिसतोय,' म्हणायचे, आणि तोंड फिरवायचे. एके दिवशी त्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू निघाले तेव्हा तू आईला म्हणालास की तू कधी केलेस हे. आई म्हणाली, मी कुठं केले, शेंगदाने तर ह्यांनीच सोलून ठिवले हुते. तू लाडू खाल्लास आणि त्यावर एक अक्षर बोलला नाहीस. बापलेकांनी तोंडं बंद ठेवण्यात कधी कसूर केली नाही.

त्याच आठ दिवसांत तू मला ते मशीन शिकवलंस. मी बी. कॉम. झालेली, संघात चिठ्ठ्या फाडणारी बाई; मला वाटायचं हे आपल्याला या जन्मी कळायचं नाही. तू सांगितलंस की फोनची तार एकच असली तरी तिच्या टोकाच्या मशीनला दारं हजारो असतात आणि प्रत्येक दाराला नंबर असतो, त्याला पोर्ट म्हणायचं. एका दारामागे पत्रं घेणारा बसलेला असतो, एका दारामागे फायली देणारा, एका दारामागे छपाईवाला. बाकीच्या दारांमागे कुणीच नसतं, ती बंद. ज्याच्यामागे कुणी बसलंय ते दार उघडं ठेवावं लागतं, म्हणून तिथे बसलेला गडी शहाणा पाहिजे. आणि आपल्या मशीनमध्ये एका दारावरचा गडी शहाणा नाही, हे तुला तेव्हाच कळलं होतं. त्याला सरळ काही विचारलं तर तो पासवर्ड मागतो. पण त्याच्या डोक्यात मावणार नाही एवढं लांबलचक काहीतरी एका दमात त्याच्यावर टाकलं की तो भांबावतो, पासवर्ड मागायचं विसरतो आणि समोरचा म्हणेल ते करायला लागतो. मी म्हणाले, म्हणजे आपला पुंजारामच की. संघाच्या फाटकावर पुंजाराम सगळ्यांना 'कोन पायजे' विचारतो, पण पाहुण्याने साहेबाचं नाव, गाव, नातं, काम आणि आल्याचं कारण न थांबता सांगितलं की तो गडबडतो आणि फाटकच उघडतो. त्या दिवशी आपण इतके हसलो की काट्यावरच्या बाया बघायला आल्या.

मी तुला विचारलं होतं की मग ते भोक बुजवत का नाहीस. तू म्हणालास, ते सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं त्यांची दुरुस्ती येईल तेव्हा येईल, तोवर या फोनचा नंबर कुणाला देऊ नको. आणि पुण्याला पोचल्यावर फोन करून म्हणालास, ताई, मशीनकडे बघ. ट्रे बाहेर आला. लहानपणी बाबांची पाठ वळली की आपण एकमेकांना जीभ काढून दाखवायचो, तेच तू दोनशे किलोमीटरवरून करून दाखवलंस. लग्न झालेली, पोराची आई असलेली बाई मी, ऑफिसात एकटीच त्या डब्यापुढे जीभ काढून बसले.

मग या वर्षी तू ती कंपनी सोडलीस. त्यांनी तुझा पासवर्ड रद्द केल्याचं पत्र संघाला पाठवलं. मला फार वाईट वाटलं. कामासाठी का होईना, तुझं येणंजाणं होतं, तेही संपलं असं वाटलं. आणि एका मंगळवारी दुपारी पुंजाराम माझ्या टेबलावर चहा ठेवत असताना ट्रे बाहेर आला. पुंजारामच्या हातातला पेला पडला. मला मात्र क्षणात कळलं की कोण आलंय आणि कुठल्या दाराने आलंय. सरळ रस्ता बंद झाला तर तू त्या भोळ्या गड्याला चकवून आलास. चोरासारखा आलास, महेंद्र, पण आलास. मी ट्रे आत ढकलला आणि माझे डोळे भरून आले, आणि पुंजारामला वाटलं बाई घाबरल्या.

पुढे तू मंगळवार आणि शुक्रवार हेच वार धरलेस. तुझ्या नव्या ऑफिसात तेव्हा सवड मिळत असेल, पण पुंजारामच्या दृष्टीने ते देवीचे वार. त्याने सर्व्हरच्या डब्याला हळदकुंकू लावलं. एका शुक्रवारी ट्रे बाहेर आला तर हा धावत जाऊन त्यात बत्तासा ठेवायला निघाला, मी हात धरला म्हणून मशीन वाचलं. आपण बौद्ध माणसं, आपल्या घरात अंगात येणं आणि लिंबू उतरवणं कधी झालं नाही. मी त्याला स्वच्छ सांगितलं की पुंजाराम, ही देवी नाही, माझा भाऊ आहे. तो म्हणाला, 'बाई, देवी भावाच्या रूपात बी येती.' एक मात्र झालं, मंगळवारी आणि शुक्रवारी त्या मशीनला कुणी हात लावेना, आणि तुझं येणं माझ्याशिवाय कुणाला उमगलं नाही.

तू येऊन काय करतोस ते मात्र मला बरेच दिवस कळलं नव्हतं. उन्हाळ्यात आई मावशीच्या मुलीच्या लग्नाला जामखेडला गेली होती. ते तीन दिवस आपल्या हरणी गायीची धार मी काढली आणि दूध माझ्याच नावावर घातलं. शुक्रवारी तू येऊन गेलास आणि संध्याकाळी फैयाज त्याचा एसटीडी बूथ उघडा टाकून माझ्याकडे आला. म्हणाला, महेंद्रचा फोन आला होता, पाऊसपाण्याचं विचारलं, रस्त्याचं विचारलं, माझ्या शेळीचंसुद्धा विचारलं, आणि ठेवता ठेवता भामामावशीचं, तुमच्या आईचं, विचारलं, बरी आहे ना रे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू चोरून येतोस ते आईचं दूध बघायला. सकाळी कॅन आला, संध्याकाळी कॅन आला, म्हणजे आई उठली, धार काढली, चालत संघापर्यंत आली, म्हणजे आई ठीक आहे. घरी फोन लावायचा नाही, पत्र घालायचं नाही, आणि आईची तब्येत लिटरमध्ये मोजायची. असला शहाणपणा आपल्याच घराण्यात असायचा.

मी हे आईला सांगितलं. सांगायला नको होतं का? पण मला राहवलं नाही. तिने आधी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची चेष्टा करतेय. मग विचारलं, 'पुन्यातून दिसतं व्हय त्याला? माझं दूध?' मी म्हटलं, दिसतं, वजनसुद्धा आणि फॅटसुद्धा. झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या आईसाहेब डोक्यावरून पदर सारखा करून काट्यापुढे उभ्या राहायला लागल्या. फॅटच्या मशीनच्या काचेकडे बघून जरा हसायच्यासुद्धा. मी किती सांगितलं की अगं, तू दिसत नाहीस, फक्त आकडा दिसतो. ती म्हणायची, तुला काय कळतंय. आईने दुधात कधी पाणी घातलं असं मी म्हणणार नाही, पण कॅन विसळलेलं पाणी वाया घालवणं तिच्या जिवावर यायचं. ते बंद झालं. हरणीला सरकी पेंड वाढली, हिरवा घास वाढला, आणि फॅट चारच्या वर गेली. पाहिली असशील तू. ती तुझ्यासाठी होती.

आईच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा बाबांनाही कळलं. तुझं नाव त्या घरात दोन वर्षं निघालेलं नाही, आणि ते कुणामुळे निघत नाही हे तुलाही माहीत आहे. मी तुझी बाजू घेतली होती आणि अजून घेते. तुला कॉम्प्युटरमध्ये जायचं होतं, गेलास, चांगलं केलंस. पण हल्ली मी बाबांचाही विचार करते. पाटकरी म्हणून कालव्यावर आयुष्य गेलं त्यांचं. पाणी सोडायला चाऱ्यांची दारं उघडायची, बंद करायला पाडायची, आणि सेक्शन ऑफिसात साहेबाच्या खुर्चीपुढे उभं राहायचं. त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीत तू ज्युनिअर इंजिनिअर म्हणून बसलास त्या दिवशी त्यांनी सबंध वस्तीला पेढे वाटले आणि विहारात मेणबत्ती लावून बराच वेळ नुसते बसून राहिले. दीड वर्षात तू राजीनामा दिलास. 'ज्या खुर्चीपुढं मी जल्मभर हुबा राह्यलो ती तू लाथाडली,' असं ते बोलले, आणि त्यापुढचं नको तेही बोलले. तूही बोललास. चूक कुणाची ते मी ठरवत बसत नाही. एवढंच सांगते की तू दूध बघतोस हे कळल्यापासून ते दर शुक्रवारी संध्याकाळी मला विचारतात, 'आज शुक्रवार ना गं?' मी 'हो' म्हणते. मग विचारतात, 'मशीन चालू हाय ना?' मी म्हणते, चालू आहे. की झालं त्यांचं.

आता मशीनचीच बातमी सांगते, ती तुझ्या कामाची आहे. दसऱ्याच्या आसपास तुझ्या जुन्या कंपनीचा फॅक्स आला. सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला होता. अमुक नंबरच्या पोर्टवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला आहे, बाहेरून फोन लावणारा कोणीही पासवर्डशिवाय आत येऊन मशीन ताब्यात घेऊ शकतो, सोबतच्या फ्लॉपीने दुरुस्ती ताबडतोब करून घ्यावी. तुझाच तो भोळा गडी, अखेर जगाला कळला. मागोमाग पोस्टाने फ्लॉपी आली. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि वर पावत्यांचा गठ्ठा ठेवला. साहेबांनी विचारलं तर म्हटलं, दिवाळीच्या गर्दीनंतर करते. मला सगळं कळत होतं. पण ती फ्लॉपी घातली की तुझी जीभ दिसणार नाही, आणि आईला काट्यापुढे पदर सारखा करायला कारण उरणार नाही. आपल्या बेलापुरात कोण येतंय पुण्या-मुंबईहून फोन लावून, अशी मी माझीच समजूत काढली. घराला कडी न लावता बाया नदीवर जातात त्या गावातली मी.

आणि या बुधवारी कोणीतरी आलं. तू नव्हतास, बुधवार होता, आणि जीभही बाहेर आली नाही. कोण होतं ते कळायला मार्ग नाही. नंबरामागून नंबर फिरवत बसलेलं कुठल्यातरी शहरातलं पोरगंही असेल. संध्याकाळी बाया दूध घालायला आल्या तर कितीकांच्या नावापुढचं मागचं सगळं दूध पुसलेलं. पलीकडच्या मळ्यातली रतनबाई काट्यापुढे उभी होती. एका म्हशीवर घर चालवते ती. मी म्हटलं, रतनबाई, तुमचं दहा दिवसांचं दूध दिसत नाहीये. तिने भांडण करावं ना, ओरडावं ना. ती खाली मान घालून म्हणाली, 'माझंच काय तरी चुकलं आसंल, बाई.' महेंद्र, त्या वेळी मला माझी लाज वाटली. बायांकडे रोजचं दूध लिहिलेली कार्डं असतात, त्यांवरून आम्ही गुरुवारी दिवसभर बसून सगळं परत भरलं, कुणाचं काही बुडालं नाही. पण माझ्या भावाला यायला वाट राहावी म्हणून मी सगळ्या गावाचं फाटक उघडं टाकलं होतं, आणि रतनबाई म्हणतेय तिचंच चुकलं. उद्या रविवारी संध्याकाळचं दूध झालं की मी ती फ्लॉपी घालणार आहे. मंगळवारी तुला आत येता येणार नाही.

तू म्हणशील, एवढंच असेल तर मशीनवरच दोन ओळी लिहून ठेवायच्या होत्यास. ठेवल्या असत्या, पण तिथे चार जण बसतात, आणि मला लिहायचंय ते चार जणांनी वाचायचं नाही.

गेले काही आठवडे आईचं दूध कमी झालेलं तुला दिसलं असेल. निम्म्यावर आलंय. हरणी आटत आली असं तुला वाटलं असेल, तुला गुरांचं तेवढंच कळतं. हरणी आटलेली नाही. ती बाबांना धार देत नाही. दूध सध्या बाबा काढतात. पहिल्या दिवशी तिने त्यांना लाथ मारली आणि बादली ओट्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्याशी गोड बोलून पाहिलं, तुझ्या-माझ्याशी कधी बोलले नसतील इतकं. काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी गेले तर गोठ्यात आई बसलेली दिसली. मी दचकलेच. जवळ जाऊन बघते तर बाबा. आईचं हिरवं लुगडं अंगाला गुंडाळून, पदर डोक्यावर घेऊन, मांडीत बादली धरून धार काढत होते. हरणी शांत उभी होती; पान्हा मात्र तिने निम्माच सोडला, अजून तेवढाच सोडते. मला बघून म्हणाले, 'हसू नको.' मी हसले नाही रे. तेव्हापासून रोज दोन्ही वेळा ते लुगडं पांघरतात, आणि मग ते काढून, टोपी घालून, कॅन घेऊन संघात येतात. पहिल्या दिवशी काट्यावरच्या आसारामने विचारलं, सहादूबाबा, कुणाच्या नावावर घालू. म्हणाले, 'भामाबाईच्या. दुसऱ्या कुनाच्या नावावर घालायचं न्हाई.' म्हणजे तू जे बघत होतास ते आईचं दूध नव्हतं. ती दिवाळीच्या आधीपासून अंथरुणावर आहे.

तिने फार दिवस अंगावर काढलं. आपल्याला कुणालाच सांगितलं नाही. एका सकाळी संघातून परतताना रस्त्यातच खाली बसली तेव्हा कळलं की अंगावरून किती जात होतं. श्रीरामपूरला दाखवलं, तिथून नगरला. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, पिशवीसकट काढू, मग तपासून सांगू कसली आहे ती. रक्त फार कमी होतं म्हणून थांबले होते. आता भरलंय, आणि बुधवारी ऑपरेशन ठरलंय. मंगळवारी दुपारी आम्ही तिला नगरला नेणार. चेहरा एवढासा झालाय, पण बोलणं तेच. पहिल्याच दिवशी तिने मला जवळ बसवून शपथ घातली की महेंद्रला फोन करायचा नाही, नवी नोकरी हाय त्याची, सुट्टी मागत बसंल. आणि म्हणाली, 'माझं दूध चुकू देऊ नका. पोरगं बघतंय.' शपथ फोनची आहे. पत्राचं तिला सुचलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही.

तरीही हे पत्र मी माझ्या मनाने लिहीत नाहीये. परवा गुरुवारी रात्रीची भाकरी करायला घरी गेले तेव्हा रतनबाईचं सगळं मी घरात बोलले आणि म्हटलं, आता ते दार मला बंद करावंच लागेल. आई भिंतीकडे तोंड करून रडायला लागली, 'मग त्याला दिसायचं कसं?' म्हणून. बाबा उंबऱ्यात बसले होते. मला वाटलं नेहमीसारखे उठून बाहेर जातील. ते म्हणाले, 'कालव्याची मोरी फुटली तर आदी दाबायची. सगळ्या रानाचं पानी हाय ते, आपल्या एकट्याचं न्हाई.' तुला माहीत नसेल, तू लहान होतास. कालव्याचं पाणी बंद करायचं असलं की बाकीचे पाटकरी सरळ दार पाडून घरी जायचे. बाबा आधी सायकलवर चारीच्या शेवटापर्यंत जायचे, टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या रानातल्या माणसाला सांगायचे की पाणी बंद होतंय, आणि मग येऊन दार पाडायचे. कारण तो बिचारा आता येईल, मग येईल म्हणून खोरं घेऊन उभा असतो. परवा ते मला म्हणाले, 'पर टेलच्या मान्साला निरोप दिल्याबिगर दार पाडू नको.' मी विचारलं, कोण टेलचा. म्हणाले, 'तुला म्हाईत हाय.' मी विचारलं, काय निरोप देऊ. ते म्हणाले, 'आई आजारी हाय म्हन. बुधवारी आपरेशन हाय म्हन.' मी उठले, चप्पल घातली, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. इतका हळू की आईलासुद्धा ऐकू गेला नसेल. म्हणाले, 'आन म्हनावं, मी बी लई दमलोय.'

तुझीच, आणि मंगळवारी मोडेमकडे न बघता एसटीकडे बघत उभी राहणारी,
जयमालाताई